हात घसरला आणि शॉर्टकट सापडला: तुमच्या बोटांना काय काय मिळालं?

पत्रिकावाली, दांडिया बाजार, बडोदे

मंडळी, दोन प्रश्न आहेत. एक नेमका, एक सगळ्यांसाठी खुला. नेमका आधी विचारते, कारण त्यावाचून काम अडलंय.

प्रेसमधल्या जुन्या डेस्कटॉपवर वर्डमध्ये एका मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर लावत होते. एक परिच्छेद उचलून खाली न्यायचा होता. सगळ्यात वरच्या एफ-बटणांच्या रांगेत कुठेतरी बोट पडलं आणि त्यानंतर शिफ्ट न धरताही बाण दाबला की मजकूर सिलेक्ट व्हायला लागला. माउसने चार ओळी सोडून खाली क्लिक केलं, तर तिथपर्यंतचं सगळं सिलेक्ट. पुन्हा त्याच भागात चाचपडले तर आधी एक शब्द, मग अख्खं वाक्य, मग परिच्छेद, असं पायरीपायरीने वाढत गेलं. एस्केप दाबल्यावर सुटलं. घरी येऊन लॅपटॉपवर तीच बटणं दाबून पाहिली, पण तिथे आवाज आणि स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होण्यापलीकडे काही होत नाही. हे कोणतं बटण आहे? माउस धरून धरून संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं. परिच्छेद असा बोटानेच उचलता आला तर मला फार हवंय.

आता खुला प्रश्न. कुणी न शिकवता, पुस्तकात न वाचता, केवळ बोट भलत्या बटणावर पडल्यामुळे तुम्हाला कोणता शॉर्टकट मिळाला? आणि तो तुम्ही खरंच रोज वापरता का? ‘टॉप पन्नास शॉर्टकट’ छापाच्या याद्या भरपूर मिळतात, त्यातलं माझ्या डोक्यात काही राहत नाही. हाताला सापडलेलं मात्र पक्कं बसतं. म्हणून याद्या नकोत. तुमच्या कामात काय घडलं ते सांगा.

माझं सांगते. लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, दुकानांची हँडबिलं असं माझं काम. आपल्या बडोद्यात मराठी घरातलं लग्न म्हणजे पत्रिका दोन भाषांत. नातेवाइकांसाठी मराठी, शेजारी आणि व्यापारातल्या मंडळींसाठी गुजराती. मराठी मजकूर मी टाइप करायचे आणि गुजराती बाहेरून करून घ्यायचे. गुजराती वाचता येतं, बोलता तर जन्मापासून येतं, पण गुजरातीचा कीबोर्ड वेगळा शिकावा लागेल असंच मी धरून चालले होते. बाहेरून आलेल्या मजकुरात एका नावाची वेलांटी चुकली तरी पुन्हा माणूस पाठवा, पुन्हा थांबा. लग्नसराईत हे फार जड जायचं.

एकदा मराठी मजकुरात मध्येच फोन नंबर घालायला इंग्रजी कीबोर्डवर जायचं होतं. त्यासाठी मी डावीकडचं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबते. त्या दिवशी ते बहुधा एकदा जास्त दाबलं गेलं. माझं लक्ष समोरच्या हस्तलिखित कागदावर. नंबर आधीच घातलाय असं समजून पुढचा मजकूर मराठीच्याच हाताने टाइप करत गेले. मान वर केली तर अक्षरांवर शिरोरेषा नाही. ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ हे सगळं गुजराती लिपीत, एकही अक्षर इकडचं तिकडे न होता उमटलं होतं! कॉम्प्युटरमध्ये गुजराती कीबोर्ड कुणीतरी आधीच घालून ठेवला होता, एवढंच.

मग कळलं की मी जो वापरते तो इनस्क्रिप्ट कीबोर्ड मुळात त्यासाठीच तसा बांधलाय. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये तो प्रमाण ठरवला. मात्रा आणि स्वर डाव्या हाताकडे, व्यंजनं उजव्या हाताकडे, आणि भारतीय लिपी कोणतीही असो, क ची जागा तीच, त ची जागा तीच. मराठीत ल च्या बटणावर शिफ्ट धरलं की ळ येतो, गुजरातीतही तिथेच त्यांचा ळ. मराठीतला ऱ तेवढा गुजरातीत नाही, कारण त्या लिपीत ते अक्षरच नाही. म्हणजे मराठी टाइपिंग शिकताना माझी बोटं गुजरातीही शिकत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्या हंगामापासून गुजराती कंकोत्री, म्हणजे लग्नपत्रिका, मीच करते. हल्ली मराठी घरंसुद्धा गुजराती पत्रिकेत असतो तसा ‘टहुको’ मागतात, लहान मुलांच्या बोबड्या बोलीतलं ‘जलुल जलुल’ आमंत्रण. तोही मीच लिहिते, आणि आवडीने लिहिते.

तिन्ही भाषांची यादी डोळ्यांसमोर हवी असेल तर विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबा. ऑल्ट-शिफ्टमध्ये आता कोणती भाषा येईल याचा अंदाज बांधावा लागतो, इथे दिसते.

दुसरा शॉर्टकट टक्क्यामुळे मिळाला. एका सेलच्या हँडबिलात टक्क्याचं चिन्ह काढायला शिफ्ट आणि ५ दाबलं, कीबोर्ड मराठीत होता, तर ‘ज्ञ’ उमटला. मग शेजारची बटणं दाबून पाहिली: ६ वर त्र, ७ वर क्ष, ८ वर श्र. प्रत्येक पत्रिकेची सुरुवात ‘श्री’ ने होते आणि मी दर वेळी श, हलन्त, र, वेलांटी असा चार बटणांचा प्रवास करत होते. मुंजीच्या पत्रिकेत ‘यज्ञोपवीत’, लग्नाच्या पत्रिकेत ‘अक्षता’. ही अक्षरं आमच्या धंद्यात रोजची.

तिसरा विंडोज आणि व्ही. पेस्ट करताना करंगळी कंट्रोलऐवजी शेजारच्या विंडोज बटणावर गेली आणि एक चौकट उघडली. तिने विचारलं, क्लिपबोर्डचा इतिहास चालू करू का? हो म्हटलं. तेव्हापासून कॉपी केलेलं आधीचंही जपून राहतं, फक्त शेवटचं नाही. पंचवीस गोष्टींपर्यंत मावतं. हवी ती ओळ पिन करून ठेवली तर मशीन बंद करून चालू केलं तरी जात नाही. ‘आपले आशीर्वाद हाच आमचा आहेर’, ‘श्री कुलस्वामिनी प्रसन्न’ आणि नेहमीच्या कार्यालयांचे पत्ते मी तिथे टाचून ठेवलेत. ही सोय विंडोज १० मध्ये २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या अपडेटपासून आहे. एक मात्र लक्षात ठेवा. प्रेसचं मशीन चार जण वापरत असतील तर ग्राहकाने पाठवलेला बँकेचा खाते क्रमांक किंवा पासवर्ड कॉपी केल्यावर तोही तिथे दिसतो. काम झालं की त्याच चौकटीत ‘क्लिअर ऑल’ करायचं. पिन केलेलं त्याने जात नाही.

आणि कोरलड्रॉ या पत्रिका मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये पी. टेक्स्टचं टूल हातात आहे असं समजून पत्त्यातलं इंग्रजी ‘प्रतापनगर’ लिहायला सुरुवात केली, पहिलाच पी दाबला आणि निवडलेला गणपती पानाच्या बरोब्बर मधोमध जाऊन बसला. त्याआधी मी पट्टी लावून, डोळे बारीक करून तो मधे आणत होते.

सांगा आता तुमचं.

---

जुना लेखनिक, कारेलीबाग

ताई, ते एफ-८ आहे. लॅपटॉपवर बहुतेक एफएन बटण धरून एफ-८ दाबावं लागेल, म्हणून घरी सापडलं नाही.

एकदा दाबलं की विस्तार चालू होतो, म्हणजे कर्सर हलेल तिथपर्यंत सिलेक्ट. दुसऱ्यांदा शब्द, तिसऱ्यांदा वाक्य, चौथ्यांदा परिच्छेद, पाचव्यांदा सगळी फाइल. एक पायरी जास्त झाली तर शिफ्ट धरून एफ-८ दाबा, मागे येतं. सोडायचं असेल तर एस्केप. तुम्हाला परिच्छेदच उचलायचा आहे, तर परिच्छेदात कुठेही कर्सर ठेवून एफ-८ चार वेळा, मग कंट्रोल-एक्स.

याच्या पुढचं एक आहे, ते फार कमी लोक वापरतात. एफ-८ एकदा दाबून झाल्यावर एखादं अक्षर दाबलं तर पुढे जिथे ते अक्षर पहिल्यांदा येतं तिथपर्यंत सिलेक्ट होतं. पूर्णविराम दाबलात तर पूर्णविरामापर्यंत, एन्टर दाबलंत तर परिच्छेदाच्या शेवटापर्यंत. मी अर्ज आणि दस्तांचे मसुदे करण्यात नोकरी घालवली. ‘सदर मिळकतीची चतुःसीमा’ पासून स्वल्पविरामापर्यंतचा तुकडा खोडायला याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही.

आता तुमच्या मूळ अडचणीचं. काहीतरी दाबलं गेलं, काहीतरी झालं आणि काय दाबलं ते कळलं नाही, हे सगळ्यांचंच होतं. वर्डमध्ये त्याचा शोध लावता येतो. फाइल, मग ऑप्शन्स, मग कस्टमाइझ रिबन. त्या पानावर सगळ्यात खाली कीबोर्ड शॉर्टकट्सपुढे कस्टमाइझ असं बटण आहे. ते उघडलं की नवीन शॉर्टकट दाबण्याची एक रिकामी चौकट दिसेल. तिथे कर्सर ठेवा आणि ज्यांचा संशय आहे ती बटणं एकेक करून दाबा. वर्ड ती आज्ञा पाळत नाही, फक्त खाली लिहून दाखवतो की हे बटण सध्या कोणत्या कामाला नेमलेलं आहे. एफ-८ दाबलंत तर तिथे एक्स्टेंड सिलेक्शन दिसेल. पाहून झालं की असाइनला हात न लावता क्लोज करा.

मी या चौकटीत एकदा सगळी एफ-बटणं शिफ्टसकट तपासली. त्यातून शिफ्ट-एफ-५ मिळालं. मजकुरात शेवटचा बदल जिथे केला होता तिथे ते नेऊन ठेवतं, पुन्हा दाबलं तर त्याआधीच्या जागी. लांबलचक फाइल उघडल्या उघडल्या दाबलं तर काल काम सोडलं तिथे पोहोचता. स्मरणिकेला उपयोगी पडेल.

---

हिशेबवाला, मकरपुरा

जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याचे हिशेब बघतो. माझे सगळे शॉर्टकट एन्टरच्या डाव्या शेजारातून आले. तिथे सेमिकोलन आणि त्याला लागून अवतरणचिन्हाचं बटण. एन्टर गाठताना उजवी करंगळी त्या दोघांवर पडतच असते आणि डावा हात कंट्रोलवर विसावलेला असतो.

एक्सेलमध्ये कंट्रोल-सेमिकोलन दाबलं की आजची तारीख येते. सूत्र नाही, तारीखच. ‘टुडे’ चं सूत्र लिहिलं तर उद्या फाइल उघडल्यावर उद्याची तारीख दिसते, गेटपासच्या नोंदीत ते चालणार नाही. यातली तारीख लिहिली तीच राहते. त्यातच शिफ्ट मिसळलं तर वेळ येते. माल आत आला त्या मिनिटाची नोंद मी अशीच करतो.

कंट्रोल आणि अवतरणचिन्ह दाबलं तर वरच्या खान्यातलं जसंच्या तसं खाली येतं. एकाच पार्टीची ओळीने पाच बिलं चढवायची असली की नाव पुन्हा लिहावं लागत नाही. पण नीट ऐका. वरच्या खान्यात सूत्र असेल तर ते अक्षरशः तसंच उतरतं, त्यातले खान्यांचे पत्ते एक ओळ खाली सरकत नाहीत. पत्ते सरकायला हवे असतील तर कंट्रोल-डी. आमच्याकडे नवीन मुलगा आला की मी या दोन्हींतला फरक पहिल्या दिवशी समोर बसवून दाखवतो, कारण बेरीज दिसायला बरोबर दिसते आणि असते दुसऱ्याच ओळीची.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधलं एक सांगतो. नॅरेशनमध्ये, म्हणजे व्यवहाराच्या नोंदीखालच्या खुलाशात, कर्सर असताना कंट्रोल-आर दाबलं की त्याच प्रकारच्या आधीच्या व्हाउचरचं नॅरेशन आपोआप येतं. मला ते मिळालं शेजारच्या ई ऐवजी आर वर बोट पडल्यामुळे. महिनाअखेरीला वीजबिल, भाडं, मजुरी यांचं तेच ते लिहिणं वाचतं.

ताई, कोरलमध्ये व्हिजिटिंग कार्डं लावता का? एक कार्ड माउसने सरकवत असताना डावं बटण न सोडता उजवं क्लिक केलं तर मूळ जागेवर राहतं आणि नक्कल सरकते. त्यावर कंट्रोल-आर दाबत गेलं की तेवढ्याच अंतरावर पुढच्या नकला पडत जातात. माझा भाऊ रावपुऱ्यात हेच काम करतो, त्याच्याकडून पाहिलंय.

---

मांजलपूरची मुलगी

माझं उत्तर थोडं वेगळं आहे, पण प्रश्न ‘रोज वापरता का’ असा आहे म्हणून लिहिते.

शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबलं की आवाज होतो आणि स्टिकी कीज चालू करायच्या का असं विचारणारी चौकट येते. सगळे ती बंद करतात. मीही कॉलेजपासून बंदच करत आले. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा डावा हात गेला. आयुष्यभर पत्रव्यवहार केलेला माणूस. बरे व्हायला लागल्यावर म्हणाले, मला मेल लिहायची आहे. एका हाताने शिफ्ट धरून दुसरं बटण दाबायला जात होते, बोटं पोहोचत नव्हती. चिडून शिफ्टच पुन्हा पुन्हा दाबलं आणि ती चौकट आली. या वेळी आम्ही दोघांनी ती वाचली.

ती सोय नेमकी यासाठीच केलेली आहे. चालू केली की शिफ्ट धरून ठेवावं लागत नाही. शिफ्ट दाबायचं, सोडायचं, मग सावकाश पुढचं बटण. कंट्रोल, ऑल्ट आणि विंडोज बटणाचंही तसंच. कंट्रोल दाबून सोडलं, मग सी दाबलं, की कॉपी झालं. शिफ्ट लागोपाठ दोनदा दाबलं तर ते अडकून राहतं, तिसऱ्यांदा दाबलं की सुटतं. बाबा आता एका हाताने सगळं लिहितात.

उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवलं तर फिल्टर कीज येतात. हात थरथरत असेल आणि एकच अक्षर तीन तीन वेळा उमटत असेल तर त्या उपयोगी. आमच्या शेजारच्या आजोबांना मी लावून दिल्या. ही सगळी मंडळी कॉम्प्युटर सोडून द्यायच्या बेतात होती. घरात कुणी असं असेल तर पुढच्या वेळी ती चौकट बंद करण्याआधी जरूर त्यांना दाखवा.

---

फतेगंजचा मास्तर

वरचं सगळं वाचून एक सांगावंसं वाटलं. हात घसरण्याचा विचार करूनच एक प्रसिद्ध शॉर्टकट ठरवला गेलाय. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट हा आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी पहिल्या आयबीएम पीसीसाठी केला, तो पीसी १९८१ मध्ये बाजारात आला. मशीन पुन्हा सुरू करण्याची ही आज्ञा मुळात काम करणाऱ्या इंजिनिअरांसाठी होती, लोकांसाठी नव्हे. त्यांनी आधी कंट्रोल-ऑल्ट-एस्केप ठेवलं होतं. पण ती तिन्ही बटणं डाव्या बाजूला, एका हाताने सहज दाबली जायची आणि चालू काम पुसलं जायचं. म्हणून तिसरं बटण कीबोर्डच्या दुसऱ्या टोकाचं घेतलं. दोन्ही हात मुद्दाम आणल्याशिवाय दाबताच येऊ नये, हा हेतू.

आणि एक इशारा. विंडोज-कंट्रोल-डी दाबलं गेलं तर उघडलेल्या सगळ्या खिडक्या नाहीशा होतात आणि विद्यार्थी रडकुंडीला येतात. काहीही गेलेलं नसतं. दुसरा, कोरा डेस्कटॉप उघडलेला असतो. विंडोज-कंट्रोल धरून डावा बाण दाबा, सगळं जागेवर. मी आता एका डेस्कटॉपवर शिकवण्याचं आणि दुसऱ्यावर घरचं ठेवतो.

---

स्मरणिकेचे संपादक, रावपुरा

पत्रिकावाली ताई, तुम्ही लावताय ती स्मरणिका आमची तर नव्हे? असो.

मला मिळालेला वर्डमधला आहे, ऑल्ट-एक्स. कट करण्यासाठी कंट्रोल-एक्स दाबायचं होतं, अंगठा ऑल्टवर पडला आणि कर्सरच्या आधीचा ‘क’ जाऊन तिथे ०९१५ असा आकडा आला. मी घाबरून पुन्हा तेच दाबलं तर ‘क’ परत! प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये एक क्रमांक असतो आणि ऑल्ट-एक्स अक्षराचा क्रमांक किंवा क्रमांकाचं अक्षर करतं.

याने माझा जुना प्रश्न सुटला. लेखकांकडून येणाऱ्या मजकुरात ‘अ‍ॅ’ दोन प्रकारे येतो. कुणी अ वर अर्धचंद्र देऊन जोडून लिहितं, कुणी ॲ हे स्वतंत्र अक्षर वापरतं, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. कागदावर दोन्ही जवळपास सारखे दिसतात. पण ‘ॲड.’ शोधायला गेलं तर एका प्रकारचे सापडतात आणि दुसऱ्या प्रकारचे निसटतात. आता संशय आला की अक्षराच्या पुढे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स. ०९७२ आलं तर तो स्वतंत्र ॲ. दुसरं काही आलं तर तो जोडून केलेला. मग शोधा-बदला वापरून सगळे एकसारखे करतो.

उलटही करता येतं. ०९५० लिहून ऑल्ट-एक्स दाबा, ॐ येईल. आकडे इंग्रजी कीबोर्डवर टाइप करायचे. देवनागरी आकडे लिहिलेत तर काही होत नाही.

---

पत्रिकावाली, दांडिया बाजार, बडोदे

काका, एफ-८ तेच! एफएन धरून घरच्या लॅपटॉपवरही चाललं. परिच्छेद आता बोटानेच उचलते. मनापासून आभार.

आज दिवसभर ते पत्रिकांवर वापरून पाहिलं, तर एक गोष्ट दिसली. तिसऱ्यांदा दाबल्यावर वाक्य सिलेक्ट व्हायला हवं, पण ‘चि. सौ. कां.’ आलं की गाडी तिथेच अडते. ‘चि.’ चा पूर्णविराम आणि पुढची मोकळी जागा पाहून वर्ड वाक्य संपलं असं समजतो. ‘रा. रा.’, ‘ती. स्व.’, ‘कै.’, सगळीकडे तेच. आमचा अर्धा मजकूर अशाच ठिपक्यांनी बनलेला. त्यामुळे पत्रिकेत मी वाक्याची पायरी सोडून देते. एफ-८ एकदा आणि मग एन्टर, म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत. पत्रिकेत प्रत्येक ओळ एन्टर देऊनच तोडलेली असते, म्हणून हे अचूक बसतं. स्मरणिकेच्या लेखांत मात्र वाक्याची पायरी छान चालते.

ती शोधायची चौकट तर सोनं आहे. संशय असलेली बरीच बटणं तपासली. आमच्या प्रेसमधल्या मुलालाही दाखवली, तो जेवणाच्या सुट्टीत तिथेच बसला होता.

संपादक साहेब, स्मरणिका तुमचीच आहे असं वाटतंय, कारण त्यात ‘ॲड.’ दोन्ही तऱ्हांचे आहेत. छापायला जाण्याआधी सगळे ०९७२ करून देते. यादीत वकील मंडळी बरीच आहेत आणि दर वर्षी एखाद्याचं नाव अनुक्रमणिकेतून सुटतं, त्याचं कारण बहुधा हेच असणार.

हिशेबवाले भाऊ, उजव्या क्लिकची युक्ती मला ठाऊक होती, पण पुढे कंट्रोल-आर नव्हतं. उद्या एका डॉक्टरांची कार्डं लावायची आहेत, त्यावर करून पाहते.

मांजलपूरच्या ताई, तुमचं वाचून माझ्या आत्याला फोन केला. तिलाही एकच हात चालतो आणि तिला मराठीत लिहायचंय. इनस्क्रिप्टमध्ये ख, छ, ळ, आणि वर मी सांगितलेले ज्ञ, श्र हे सगळे शिफ्टने येतात. स्टिकी कीज मराठी कीबोर्डवरही चालतात ना? आणि भाषा बदलायची कशी?

---

मांजलपूरची मुलगी

हो ताई, चालतात. शिफ्ट दाबून सोडायचं, मग ल चं बटण, ळ येतो. बाबा असंच लिहितात. भाषा बदलायला विंडोज बटण दाबून सोडायचं आणि मग स्पेस.

आत्यांच्या मशीनवर एक सेटिंग आधीच बघून घ्या. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड, मग स्टिकी कीज. तिथे ‘दोन बटणं एकदम दाबली तर स्टिकी कीज बंद करा’ असा एक पर्याय असतो. आमच्याकडे तो चालू होता. माझा भाचा येऊन दोन्ही हातांनी नेहमीसारखं टाइप करायचा आणि तो गेल्यावर बाबांच्या स्टिकी कीज बंद झालेल्या असायच्या. कुणाला कारणच कळत नव्हतं. घरात ते मशीन आणखी कुणी वापरत असेल तर तो पर्याय काढून टाका. आणि प्रत्येक वेळी होणारा तो टुक आवाज आत्यांना नको असेल तर तोही त्याच पानावर बंद होतो, बाबांना मात्र तो हवा असतो, शिफ्ट लागलं हे त्यावरून त्यांना कळतं.